परदेशगमनापूर्वी आखावयाची मर्यादा

वऱ्हाडात ‘हरण’ हा शब्द उच्चारला की प्रथम रुक्मिणीचे स्मरण होते. वर्धा नदीच्या काठी असलेले कौंडिण्यपूर हे तिचे माहेर मानले जाते. तिला परत आणण्याच्या प्रतिज्ञेने निघालेला तिचा बंधू रुक्मी पराभूत झाला आणि राजधानीस न परतता त्याने भोजकट नगरी वसविली, अशी कथा आहे. ते भोजकट म्हणजेच आजचे भातकुली, ही या भागातील जुनी समजूत. आचार्य जिनसेनांच्या हरिवंशपुराणातही रुक्मिणीहरणाचा प्रसंग आला आहे. वैष्णव परंपरेत तर रुक्मिणीने स्वहस्ते पत्र पाठवून श्रीकृष्णास बोलावून घेतले. ती स्वेच्छेने, स्वतःच्या पत्रानुसार रथात बसली.

आजच्या काळातील परदेशी अपहरणातही बळी ठरणारा मनुष्य पुष्कळदा स्वतःच्या पायांनीच चालत जातो. भेद इतकाच की, तो दुसऱ्याने लिहिलेल्या पत्रावर विसंबून जातो.

भातकुली हे भगवान आदिनाथांचे दिगंबर जैन अतिशय क्षेत्र म्हणून सर्वपरिचित आहे. दूरच्या प्रवासास निघण्यापूर्वी येथे दर्शन घेऊन जाण्याची रीत परिसरातील अनेक घरांत आहे. पूर्वी हा दूरचा प्रवास मुंबई, इंदूर किंवा फार तर कोलकात्यापर्यंत असे. आता त्याची व्याप्ती वाढली आहे. खारपाण पट्ट्यातील या तालुक्यात तूर पिकते, अकोल्याच्या डाळमिलमध्ये ती भरडली जाते. परंतु देशाची गरज तेवढ्याने भागत नाही. २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी डाळींच्या दीर्घकालीन आयातीचा करार केला. त्यात ही आयात एक लाख टनांवरून २०२०-२१ पर्यंत दोन लाख टनांवर नेण्याचे ठरले. २०२१ मध्ये म्यानमारशी दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर आणण्याचा पाच वर्षांचा करार झाला. ज्या दोन देशांची नावे आज डाळीच्या बाजारात रोज घेतली जातात, त्याच दोन देशांची नावे गेल्या काही वर्षांत अपहरण आणि ओलीस प्रकरणांतही वारंवार आली आहेत. म्हणून हा विषय केवळ मोठ्या शहरांतील उद्योगपतींचा राहिलेला नाही. तो तालुक्याच्या गावातील पेढीपर्यंत येऊन पोहोचला आहे.

परदेशातील अपहरणांच्या ज्ञात घटना पाहिल्या, तर त्यांची तीन प्रवेशद्वारे दिसतात: आमंत्रण, दिनक्रम आणि उधारी.

पहिले द्वार : आमंत्रण

थायलंडमध्ये चांगल्या पगाराची संगणकावरील नोकरी आहे, असे सांगून तरुणांना बँकॉकला बोलावले जाते. विमान बँकॉकलाच उतरते, येथवर सर्व काही सांगितल्याप्रमाणे घडते. मग ‘कार्यालय थोडे दूर आहे’ असे सांगून मोटार पश्चिमेकडील मे सोत या सीमावर्ती गावाकडे निघते. तेथे मोएई नदी ओलांडली की म्यानमारचा म्यावड्डी परिसर लागतो. उंच भिंतींआड असलेल्या वसाहतींमध्ये पारपत्र काढून घेतले जाते आणि लोकांना दूरध्वनीवरून व समाजमाध्यमांवरून फसविण्याचे काम सक्तीने करवून घेतले जाते. सुटका हवी असेल तर घरच्यांनी पैसे भरावेत, अशी मागणी होते. मार्च २०२५ मध्ये भारतीय वायुसेनेच्या दोन विमानांनी मे सोतहून ५४९ भारतीयांना मायदेशी आणले. त्यानंतर एप्रिलमध्ये महाराष्ट्र सायबर विभागाने म्यानमारमध्ये अडकलेल्या साठांहून अधिक भारतीयांची सुटका केली आणि येथील काही दलालांना अटक केली. हे दलाल आपल्याच राज्यात, आपलीच भाषा बोलत वावरत होते, ही गोष्ट पालकांनी ध्यानी घ्यावी.

मे २०२५ मध्ये पंजाबातील तीन तरुण ऑस्ट्रेलियास जाण्यासाठी निघाले. दलालाने मार्ग इराणमधून आखला होता. तेहरानला उतरताच त्यांचे अपहरण झाले आणि घरी खंडणीचे दूरध्वनी येऊ लागले. भारतीय दूतावासाच्या पाठपुराव्यानंतर तेथील पोलिसांनी जूनमध्ये त्यांची सुटका केली. तेव्हा भारतीय पर्यटकांना इराणमध्ये व्हिसाशिवाय प्रवेश मिळत असे. दलाल नेमक्या याच सवलतीचा लाभ घेत. असे प्रकार वाढल्याने इराणने २२ नोव्हेंबर २०२५ पासून सामान्य भारतीय पारपत्रधारकांसाठी ही सवलत स्थगित केली.

व्यापाऱ्यांसाठी हेच आमंत्रण निराळ्या वेषात येते. स्वस्त कच्चे काजू, सोने, लाकूड किंवा खनिज तेल यांचा मोठा सौदा दाखविला जातो. अंतिम स्वाक्षरीसाठी प्रत्यक्ष भेटीस बोलावले जाते. नायजेरियाच्या दंडसंहितेतील ज्या कलमावरून अशा फसवणुकीस ‘चारशे एकोणीस’ हे नाव पडले, ते नाव आता जगभर रूढ आहे. बहुतेकांचे त्यात पैसेच जातात. काहींना मात्र विमानतळावर घ्यायला आलेली मोटार थेट कोंडवाड्यात नेते.

या सर्व घटनांत एक समान क्षण आहे. ठरलेल्या ठिकाणाहून एक पाऊल पुढे जाण्याची विनंती त्या क्षणी होते. बँकॉकऐवजी मे सोत, ऑस्ट्रेलियाऐवजी आधी तेहरान, हॉटेलऐवजी ‘आमच्या शेठजींचे निवासस्थान’. विनंती सौम्य असते, नकार देणे असभ्य वाटते आणि नेमके तेथेच पाऊल घसरते.

दुसरे द्वार : दिनक्रम

पुण्यात मुठा नदीवरील म्हात्रे पुलावरून रोज सहस्रावधी लोक जातात. ज्यांच्या नावाने तो पूल ओळखला जातो, ते रवींद्र म्हात्रे इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे भारतीय राजनैतिक अधिकारी होते. ३ फेब्रुवारी १९८४ रोजी सायंकाळी ते कन्येच्या वाढदिवसाचा केक घेऊन नेहमीप्रमाणे बसमधून उतरले आणि घराच्या वाटेवरच त्यांचे अपहरण झाले. काश्मीर लिबरेशन आर्मी या नावाने दहा लाख पौंड आणि मकबूल बट याच्या सुटकेची मागणी करण्यात आली. मागणी मान्य होण्याचा प्रश्नच नव्हता. दोन-तीन दिवसांतच म्हात्रे यांचा मृतदेह एका ग्रामीण रस्त्यालगत आढळला. ११ फेब्रुवारीस मकबूल बटला तिहार कारागृहात फाशी देण्यात आली.

म्हात्रे यांनी कोणतीही चूक केली नव्हती. देशही अराजकाचा नव्हता. त्यांची येण्याजाण्याची वेळ आणि वाट ठरलेली होती, एवढेच अपहरणकर्त्यांना पुरेसे झाले.

मोझांबिकची राजधानी मापुतो येथे २०११ पासून भारतीय वंशाच्या व्यापारी कुटुंबांना जो उपद्रव झाला, त्याचेही मूळ हेच आहे. दुकान उघडण्याची वा बंद करण्याची वेळ, मुलांना शाळेत सोडण्याचा रस्ता, प्रार्थनेस जाण्याचा वार या गोष्टी आधी टिपल्या जातात आणि मग भरदिवसा मोटार आडवी घातली जाते. माहिती देणारा बहुधा ओळखीचाच निघतो. काही प्रकरणांत पोलीस दलातील व्यक्तींवरही आरोप झाले. अनेक कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यापार गुंडाळून देश सोडला.

जैन प्रवाशाच्या बाबतीत येथे एक विशेष सावधगिरी हवी. परक्या शहरात शुद्ध शाकाहारी भोजनालय एखादेच असते, मंदिरही एखादेच. सूर्यास्तापूर्वी भोजन करावयाचे असल्याने वेळही ठरलेली असते. त्यामुळे जैन व्यापारी सायंकाळी कोठे सापडेल, हे शोधण्यास कोणासही फार श्रम पडत नाहीत. व्रत सोडावे असा याचा अर्थ मुळीच नाही. रात्रिभोजनत्यागामुळे अंधार पडण्याआधी निवासस्थानी परतण्याची सवय लागते, हा मोठाच लाभ आहे. मात्र रोज एकाच भोजनालयात, एकाच रस्त्याने, एकाच चालकाबरोबर जाऊ नये. दशमी, खाखरे, भाजलेले पोहे सोबत असावेत आणि काही दिवस भोजन खोलीवरच करावे. अंगावरील सोन्याची साखळी, हिऱ्याची अंगठी, किमती घड्याळ घरी ठेवावे. परिग्रह प्रवासात जितका कमी, तितकी परक्याची नजर कमी. समाजमाध्यमांवर छायाचित्रे टाकावयाचीच असतील, तर ती परतल्यावर टाकावीत. ‘उद्या सकाळी अमुक ठिकाणी’ अशी वर्दी स्वतःहून देऊ नये.

आणखी एक नाजूक बाब आहे. परदेशात कोणी अपरिचित मनुष्य ‘जय जिनेंद्र’ म्हणून पुढे आला की मन विरघळते. साधर्मीवात्सल्य हा सद्‌गुण आहे; पण अभिवादन म्हणजे ओळखपत्र नव्हे. समोरची व्यक्ती कोणत्या गावची, कोणत्या घराण्यातील, तिला तेथील समाजात कोण ओळखतो, ही चौकशी आपल्याकडे सोयरीक जुळविताना सहज केली जाते. मोटारीत बसण्यापूर्वीही ती करावी.

तिसरे द्वार : उधारी

व्यापारी घराण्यांनी सर्वांत अधिक लक्षात ठेवावी अशी घटना चीनमधील यिवू येथील आहे. लहानसहान वस्तूंच्या घाऊक बाजारपेठेसाठी हे शहर प्रसिद्ध असून तेथे भारतीय व्यापाऱ्यांची मोठी वर्दळ असते. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईच्या दोन भारतीयांना तेथील स्थानिक व्यापाऱ्यांनी डांबून ठेवले. ज्या पेढीत ते काम करीत, तिच्या मालकाने मोठी उधारी थकविली होती आणि तो परागंदा झाला होता. ते दोघे मालक नव्हते, नोकर होते. तरी संतप्त धनकोंनी हाती लागलेल्यांनाच धरले. त्यांच्या सुटकेसाठी न्यायालयात गेलेले भारतीय वाणिज्य दूतावासातील अधिकारी एस. बालचंद्रन मधुमेही होते. ३१ डिसेंबर रोजी तासन्‌तास अन्न व औषधाविना राहावे लागल्याने ते तेथेच कोसळले. पुढील आठवड्यात बीजिंग येथील भारतीय दूतावासाने यिवूमध्ये व्यापार करण्यापासून दूर राहावे, असा इशारा भारतीय व्यापाऱ्यांना दिला. त्या दोघांना मात्र लगेच मायदेशी परतता आले नाही.

या घटनेतून निघणारा बोध कडू आहे. परदेशात येणे-देणे शिल्लक असताना प्रवास करणे म्हणजे स्वतःला तारण ठेवणे होय. मालाच्या दर्जावरून वाद असेल, रक्कम अडली असेल किंवा भागीदाराने परस्पर उधारी केली असेल, तर तो प्रश्न आधी पत्राने, वकिलाने किंवा बँकेमार्फत मिटवावा. धनकोच्या शहरात जाऊन समजूत काढू, हा आपल्याकडील बाजारातला शिरस्ता सर्वत्र चालत नाही. परदेशी पेढीत नोकरी धरणाऱ्या तरुणानेही मालकाची पत आणि बाजारातील देणी यांची चौकशी करावी. कागदावर स्वाक्षरीचा अधिकार मिळाला म्हणून हुरळून जाऊ नये. ज्याची स्वाक्षरी, त्याच्या गळ्याला दोर, हे वसुलीच्या वेळीच कळते.

दिग्व्रताचा व्यावहारिक अर्थ

गृहस्थाच्या गुणव्रतांत दिग्व्रताचे स्थान पहिले आहे. दहाही दिशांना आपण किती अंतरापर्यंत जाऊ, याची मर्यादा श्रावकाने आखून घ्यावयाची असते. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत वर, खाली वा तिरक्या दिशेने मर्यादा ओलांडणे हे तीन आहेत. चौथा क्षेत्रवृद्धी, म्हणजे लोभाने मर्यादा वाढवून घेणे. पाचवा स्मृत्यंतराधान, म्हणजे आखलेली मर्यादाच विसरून जाणे. या व्रताचा मूळ हेतू हिंसा व लोभ यांचे क्षेत्र आक्रसावे हा आहे. प्रवाशाच्या सुरक्षिततेसाठी ते सांगितलेले नाही. तथापि, अपहरणाच्या घटना वाचताना वारंवार जाणवते की, बळी पडलेल्या अनेकांच्या हातून नेमके हेच दोन अतिचार घडले होते. सौदा मोठा होत गेला आणि क्षेत्र वाढत गेले. घरून निघताना काय ठरविले होते, हे परदेशात पोहोचल्यावर विसरले गेले.

म्हणून निघण्यापूर्वी मर्यादा लेखी आखावी. कोणते शहर, कोणते हॉटेल, कोणाची भेट, कोणत्या तारखेपर्यंत आणि कमाल किती रकमेचा व्यवहार, हे सर्व एका कागदावर असावे. त्यांपैकी एकही बाब बदलावयाची झाल्यास घरी दूरध्वनी करून संमती घेतल्याशिवाय पुढे जावयाचे नाही, असा नियम असावा. यजमानास सांगण्यास हे कारण उत्तम आहे. ‘घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे लागेल’ असे म्हणणाऱ्याचा कोठेही अपमान होत नाही. खरा व्यापारी थांबतो. ज्याला घाई असते त्याचा हेतूही त्यातून उघड होतो.

पेढीवरची पूर्वतयारी

बँक कर्ज देण्यापूर्वी अर्जदाराची पत, पत्ता आणि परतफेडीचा इतिहास तपासते. परदेशी ग्राहकाच्या बाबतीतही तीच शिस्त हवी. आपल्या बँकेमार्फत त्याच्या बँकेकडून पत-अहवाल मागविता येतो. निर्यातदारास ईसीजीसी या सरकारी पतविमा संस्थेकडून परदेशी खरेदीदाराविषयी माहिती मिळू शकते. भारतीय वकिलातींत वाणिज्य विभाग असतो. एखादी पेढी खरोखर अस्तित्वात आहे काय, हे तेथे ई-मेलने विचारावे. व्यवहार एल.सी.द्वारे किंवा बँकेमार्फत कागदपत्रे पाठवून होत असेल, तर बऱ्याच वेळा प्रत्यक्ष जाण्याची आवश्यकताच उरत नाही. जो ग्राहक बँकेचा मार्ग टाळून प्रत्यक्ष भेटीचाच आग्रह धरतो, त्याच्याविषयी शंका घेणे हे शहाणपणाचे आहे.

रोख रकमेविषयीचे नियमही संरक्षकच आहेत. बहुतेक देशांच्या प्रत्येक भेटीसाठी परकीय चलनी नोटा ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात. उर्वरित रक्कम कार्डावर ठेवावी आणि त्यावरील खर्चाची मर्यादा निघण्यापूर्वी कमी करून घ्यावी. नेहमीच्या परदेश प्रवास विम्यात विमान-अपहरणाच्या काळासाठी ठरावीक भत्ता असतो. तो खंडणीचा विमा आहे, असा गैरसमज नसावा.

मुलांना नोकरीसाठी पाठविताना भरती करणारा दलाल परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर नोंदलेला आहे काय, हे पाहावे. नोंदणीकृत दलालास सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर इतकीच रक्कम घेता येते. पर्यटक व्हिसावर नोकरीस चला म्हणणारा दलाल पहिल्या पावलापासून खोटे बोलत असतो. पारपत्र ही भारत सरकारची मालमत्ता आहे. ते मालकाच्या कपाटात जाता कामा नये.

निघताना घरी एक बंद लिफाफा ठेवावा. त्यात पारपत्र, व्हिसा व तिकिटाच्या प्रती, अलीकडील छायाचित्र, रक्तगट, नियमित औषधे, उतरण्याचे पत्ते, भेटणाऱ्या व्यक्तींची नावे व क्रमांक आणि संबंधित भारतीय वकिलातीचा आपत्कालीन क्रमांक असावा. हा लिफाफा घरातील कर्त्या स्त्रीच्या हाती द्यावा. कर्ता पुरुष कोणत्या देशात, कोणाकडे गेला आहे हे मुनीमजींना ठाऊक आणि पत्नीला अज्ञात, अशी स्थिती आजही कित्येक घरांत असते. संकटाचा पहिला दूरध्वनी मात्र घरीच येतो.

दुर्दैवाने प्रसंग ओढवलाच तर

शस्त्र समोर आल्यावर प्रतिकार करू नये. अपहरणाची पहिली काही मिनिटे सर्वांत धोक्याची असतात आणि तेव्हा पकडणारेही घाबरलेले असतात. शांत राहावे, सूचना पाळाव्यात, वाद घालू नये. संपत्तीची बढाई वा खोटी आश्वासने देऊ नयेत. औषधांची गरज स्पष्ट सांगावी. आहाराची अडचण नम्रपणे सांगून भात, फळे, पाणी मागावे आणि शक्ती टिकवावी. दिवसांची गणना ठेवावी. णमोकार मंत्राचा मनातल्या मनात जप करणाऱ्यास या काळात जो आधार मिळतो, तो कोणीही हिरावून घेऊ शकत नाही.

घरच्यांनी दूरध्वनीवर बोलण्यासाठी एकच व्यक्ती नेमावी. प्रत्येक संभाषणाची वेळ, क्रमांक व शब्द लिहून ठेवावेत. प्रथम खात्री करावी की घटना खरी आहे. हल्ली परदेशातील विद्यार्थ्यांच्या पालकांना मुलाचा हुबेहूब आवाज ऐकवून खोट्या अपहरणाची धमकी दिली जाते. मुलगा मात्र वर्गात सुरक्षित बसलेला असतो. यासाठी कुटुंबात एक सांकेतिक शब्द आधीच ठरवावा, तो कोठेही लिहू नये. त्या मुलालाच ठाऊक असेल असा प्रश्न विचारावा. बनावट धमकीपोटी पैसे गेलेच, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

घटना खरी असल्यास स्थानिक पोलीस आणि त्या देशातील भारतीय वकिलात यांना विनाविलंब कळवावे. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावरही तक्रार नोंदविता येते. हवालामार्गे गुपचूप रक्कम पोहोचविण्याचा सल्ला देणारे हितचिंतक अशा वेळी भेटतात. त्या मार्गाने गेल्यास परकीय चलन कायद्याचा भंग होतो आणि सुटकेची हमीही मिळत नाही. उलट, पैसे मिळतात हे कळल्यावर मागणी वाढण्याचा संभव असतो. बातमी समाजाच्या गटांवर पसरवू नये. सहानुभूतीचे शंभर संदेश आले तरी त्यांतील एखादा अपहरणकर्त्यांपर्यंत पोहोचू शकतो.

व्यापार म्हटला की जोखीम आलीच आणि घरात बसून कोणाची भरभराट झालेली नाही. आपल्या पूर्वजांनीही दूरदूरच्या वाटा तुडवूनच पेढ्या उभ्या केल्या. परंतु मालाची जोखीम आणि माणसाची जोखीम या एकाच खात्यात लिहावयाच्या बाबी नव्हेत. बुडालेली रक्कम पुढील हंगामात भरून निघते. म्हणून यापुढे भातकुलीस आदिनाथ प्रभूंच्या दर्शनास जाऊन परदेशाची वाट धरणाऱ्याने, निघण्याआधीच्या सायंकाळी घरातील सर्वांसमक्ष बसून आपल्या प्रवासाची मर्यादा लिहून काढावी, ती मोठ्याने वाचून दाखवावी आणि तिची एक प्रत घरी ठेवावी. सौदा होवो वा न होवो, त्या कागदावर लिहिलेल्या तारखेस मनुष्य उंबरठ्यात परत आला, की त्या प्रवासाची खातेवही जमेच्या बाजूने बंद झाली असे समजावे.